गावकुसाबाहेरचे न्यूयॉर्क

१९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा लोअर मॅनहॅटनमधील वूलवर्थ इमारत नुकतीच खुली झाली होती. ७९२ फूट उंचीची, गॉथिक शिखरांची ही वास्तू १९३० पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत होती. आजही मुलांना शहर दाखवताना आपल्या माना तेथे वर वळतात. परंतु या परिसराचा इतिहास वाचायचा, तर नजर जमिनीकडे वळवावी लागते.

१६५३ मध्ये डचांनी वस्तीच्या उत्तर सीमेवर तट उभारला. त्यासाठी गुलाम आफ्रिकनांचे श्रम वापरले गेले. तट गेला, वॉल स्ट्रीट हे नाव उरले. १७११ मध्ये याच रस्त्याच्या पूर्व टोकाला गुलामांचा अधिकृत बाजार भरू लागला. त्याआधी, १६९७ मध्ये, ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात आफ्रिकनांच्या दफनास मनाई केली होती. त्यांनी आपले मृत वेशीबाहेर पुरले. ज्यांच्या आजा-पणज्यांनी गावकूस आणि वेगळे मसण भोगले, त्या आपल्याला हा नकाशा कोणी समजावून सांगावा लागत नाही.

पुढे शहर उत्तरेकडे पसरले. जमिनीवर भराव पडला आणि कबरींवर घरे, दुकाने उभी राहिली. १९९१ मध्ये ब्रॉडवेवर सरकारी इमारतीसाठी खोदकाम होत असता मानवी अस्थी सापडल्या. कृष्णवर्णीय नागरिकांनी निदर्शने केली, तेव्हा १९९२ मध्ये उत्खनन थांबले. हॉवर्ड विद्यापीठातील संशोधकांना त्या हाडांवर जड ओझ्यांच्या खुणा दिसल्या; त्यांत लहान मुलेही होती. २००३ मध्ये ४१९ जणांचे अवशेष घानामध्ये कोरलेल्या शवपेट्यांतून तेथेच सन्मानाने पुरण्यात आले. २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. तेथे सुमारे १५,००० माणसे पुरली गेली असावीत, असा अंदाज आहे.

येथून पूर्वेला चालत गेल्यास चायनाटाउन लागते. तेथेच पूर्व युरोपीय ज्यूंनी १८८७ मध्ये बांधलेले एल्ड्रिज स्ट्रीटचे सिनेगॉग आहे. त्या स्थलांतरितांनीही हाल सोसले. तरी त्यांना आपली ओळख दगडविटांत उभारता आली. साखळदंडांत आणलेल्यांना स्वतःच्या कबरींसाठीही वंशजांच्या लढ्याची वाट पाहावी लागली.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. ते नाते आपण केवळ भाषणांत जपतो. पुढच्या वेळी पाहुण्यांना वॉल स्ट्रीट दाखवू, तेव्हा ब्रॉडवेवरून आणखी थोडे उत्तरेला जाऊ आणि त्या स्मारकापाशी मुलांसह क्षणभर उभे राहू.