पेटीत किती आणि पेटीची किंमत किती?



आम्ही बोलतोय मुंबईच्या गिरगावातल्या फणसवाडीतून. नावावरूनच कळतं, इथे कधीकाळी झाडांची वाडी होती. आता चाळी आहेत, दुकानं आहेत आणि व्यंकटेशाचं देऊळ आहे. पूर्वेकडे चालत गेलं की काळबादेवी आणि झवेरी बाजार लागतो. पश्चिमेकडे गेलं की मरीन लाइन्सचं रेल्वे स्टेशन आणि पलीकडे समुद्र. तुमच्यातल्या कित्येकींच्या घरची माणसं याच भागात कामाला आली, दहा बाय दहाच्या खोलीत राहिली आणि गावी मनिऑर्डर धाडत राहिली. त्यामुळे आमची वाडी तुम्हाला परकी नाही.

आज विषय जरा नवा आहे. बिटकॉइनचा साठा करणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्यांचे शेअर घ्या, पैसे दुप्पट होतील, असं सांगणारे मोबाइलवरही येतात आणि दारावरही येतात. गटातल्या बायका विचारतात, हे काय आहे? यावर घ्या किंवा घेऊ नका असं आम्ही सांगणार नाही. आधी समजून घेऊ. आणि समजून घ्यायला आमच्या दारातलाच एकशे साठ वर्षांपूर्वीचा इतिहास उपयोगी पडतो.

आधी बिटकॉइन म्हणजे काय ते पाहू. २००९ साली सुरू झालेलं हे कॉम्प्युटरवरचं नाणं. हातात धरता येत नाही. कोणत्याही सरकारने ते काढलेलं नाही. ही नाणी जास्तीत जास्त २ कोटी १० लाख निघतील, असा नियम त्याच्या रचनेतच घातलेला आहे. नाणी मोजकी आणि घेणारे पुष्कळ, म्हणून भाव चढतो. पण शेत पीक देतं, म्हैस दूध देते, तसं हे नाणं काही देत नाही. पुढचा माणूस जेवढे पैसे देईल तेवढीच त्याची किंमत. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका नाण्याचा भाव ६९,००० डॉलरच्या आसपास होता. वर्षभरात तो १६,००० च्याही खाली आला. डिसेंबर २०२४ मध्ये तोच एक लाख डॉलरच्या वर गेला. एवढे हेलकावे.

आता साठा करणारी कंपनी. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या मायक्रोस्ट्रॅटेजी नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीने तिजोरीतल्या शिलकी पैशातून बिटकॉइन घेतले. पुढे शेअर विकून आणि कर्ज काढूनही ती घेत राहिली. एप्रिल २०२४ मध्ये जपानची मेटाप्लॅनेट नावाची, हॉटेलच्या धंद्यातली कंपनी त्याच वाटेने गेली. आपल्या मुंबईत जेटकिंग नावाची १९४७ पासूनची जुनी कंपनी आहे, कॉम्प्युटरचं शिक्षण देणारी. तिनेही २०२४ च्या अखेरीस बिटकॉइन घेतल्याचं जाहीर केलं. हे सगळं उघड आहे, शेअर बाजाराला कळवून केलेलं आहे. त्यात लपवाछपवी नाही.

मग यात धंदा कुठे आहे? हिशेब करून पाहू. पाटीवर लिहून घेतलंत तरी चालेल.

समजा एका कंपनीच्या पेटीत १,००० रुपयांचे बिटकॉइन आहेत आणि तिचे शेअर आहेत १०. म्हणजे एका शेअरमागे १०० रुपयांचा माल. पण लोकांना वाटतं, भाव वाढणार. म्हणून बाजारात तो शेअर २०० रुपयांना जातो. कंपनी काय करते? नवे ५ शेअर काढते आणि २०० ला विकते. १,००० रुपये आले. त्याचे आणखी बिटकॉइन घेतले. आता पेटीत २,००० रुपयांचा माल, आणि शेअर १५. एका शेअरमागे १३३ रुपये. जुन्या भागीदाराचे १०० चे १३३ झाले. तो खूश. पण नव्या पाच जणांनी २०० देऊन १३३ चा माल घेतला. वरचे ६७ रुपये त्यांनी कशाचे दिले? भरवशाचे दिले. उद्या आणखी कोणी २५० ला घेईल, या भरवशाचे.

हे चक्र फिरतं तोवर सगळ्यांना बरकत दिसते. बिटकॉइनचा भाव निम्मा झाला की त्याच पेटीत १,००० रुपये उरतात आणि शेअरमागे ६६. घाबरलेले लोक तेवढेही देत नाहीत. कंपनीने कर्ज काढून नाणी घेतली असतील तर आणखी कठीण, कारण भाव निम्मा झाला म्हणून कर्ज निम्मं होत नाही. अमेरिकेपेक्षा आपल्याकडे कर्जाचं व्याजही जड.

आपल्या देशात या शेअरचं आकर्षण वाटायला आणखी एक कारण आहे. सरकारने २०२२ पासून बिटकॉइनसारख्या नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. शेअरच्या नफ्यावरचा कर त्याहून कमी. म्हणून नाणं न घेता नाणं ठेवणाऱ्या कंपनीचा शेअर घ्यावा, असं काहींना वाटतं. कारण खरं आहे. पण पेटीचा हिशेब त्याने बदलत नाही.

आता आमच्या दारातला इतिहास सांगतो.

१८६१ साली अमेरिकेत उत्तरेचं आणि दक्षिणेचं युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं. १८६२ मध्ये ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी बहुतेक कापूस हिंदुस्थानातून जात होता. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबई बंदरात यायचा आणि बोटींत चढायचा. मुंबईत पैशाचा पूर आला.

एवढा पैसा ठेवायचा कुठे? लोकांनी कंपन्या काढल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि जमिनीच्या ८ कंपन्या होत्या. त्यांतली सगळ्यांत गाजलेली बॅक बे कंपनी. बॅक बे म्हणजे आमच्या फणसवाडीच्या पश्चिमेचा समुद्र. त्यात भराव घालून जमीन करायची, असा बेत होता. बेत खोटा नव्हता. पण ५,००० रुपये भरलेल्या तिच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला. समुद्रात अजून पाणीच होतं. जमीन कागदावर होती आणि कागद दहापट भावाने विकला जात होता.

या खेळातलं मोठं नाव प्रेमचंद रायचंद, मूळचे सुरतेचे. शेअरचे दलाल, फार हुशार माणूस. तेव्हा बँक ऑफ बॉम्बे नावाची मोठी बँक होती, सरकारचाही तिच्यात भाग होता. १८६३ मध्ये तिचे नियम सैल झाले आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. प्रेमचंदांचा शब्द तिथे चालायचा. मग चक्र सुरू झालं. शेअर तारण ठेवायचा, कर्ज घ्यायचं, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे. त्यामुळे भाव चढला की तारणाची किंमत चढायची आणि आणखी कर्ज मिळायचं. मघाच्या हिशेबातलं चक्र ते हेच. नाणं वेगळं, फिरणं तेच.

त्यातच वायद्याचे सौदे झाले. आज भाव ठरवायचा आणि पैसे चुकते करायचे १ जुलै १८६५ ला. पण एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै उजाडला तेव्हा देणं प्रत्येकाचं होतं आणि पैसे कोणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर भरभराटीत २,८५० रुपयांपर्यंत गेला होता. तो ८७ रुपयांना विकायची वेळ आली. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. बॅक बे कंपनीही बुडाली. तिच्या मोठ्या बेतातून किनाऱ्याची एक अरुंद पट्टी तेवढी हाती आली. ती पुढे रेल्वेकडे गेली. आज चर्चगेटची लोकल धावते ती त्या पट्टीवरून.

प्रेमचंदांचंही दिवाळं निघालं. पण त्याआधी १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला मोठ्या देणग्या दिल्या होत्या. त्यातून ग्रंथालय आणि मनोरा उभा राहिला. मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव आहे, राजाबाई. १८७८ मध्ये तो पुरा झाला आणि अजून उभा आहे. जे पैसे वेळेवर दगडात आणि पुस्तकात गेले ते टिकले, जे कागदावर राहिले ते गेले.

इथपर्यंतची गोष्ट मुंबईची झाली. तुमच्या आमच्या गावांची गोष्ट इथून पुढे आहे, आणि ती पुष्कळदा सांगायची राहून जाते.

तेजीत पैसा गावातही पोचला होता. कापसाखालच्या एका एकरामागे १०० रुपये उचल दख्खनच्या शेतकऱ्यांना मिळत होती. मुंबईचा व्यापारी सावकाराला पैसे देई, सावकार शेतकऱ्याला देई. मागेल त्याला कर्ज. भाव पडला तेव्हा वरून पैसा बंद झाला. सावकाराने नवं कर्ज देणं थांबवलं आणि जुनं मागायला सुरुवात केली. त्याच सुमारास सरकारच्या नव्या आकारणीत शेतसारा वाढला, कित्येक ठिकाणी दीडपट ते दुप्पट. कर्ज फिटेना, जमीन जाऊ लागली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून जाळले. तिथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्या उठावाची कारणं अनेक होती, पण कापसाची तेजी आणि मंदी हे त्यांतलं एक मोठं कारण. बॅक बेचा शेअर सुप्याच्या शेतकऱ्याने कधी पाहिलाही नसेल. तरी तो फुगा फुटला त्याची झळ त्याच्या घरापर्यंत गेली.

म्हणून आम्ही म्हणतो, शहरातल्या बाजाराचं आपल्याला काय, असं समजू नका. तेजीच्या शेवटी शेवटी पैसा गोळा करायला माणसं गावाकडे वळतात, कारण शहरातले घेणारे संपत आलेले असतात.

आणि त्यांत नुसते ठकही असतात. गेनबिटकॉइन नावाची योजना आठवत असेल. बिटकॉइन द्या, १८ महिने दर महिन्याला १० टक्के परत देतो, असं तिचं आमिष होतं. देशभर लोकांचे पैसे अडकले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या म्होरक्याला, अमित भारद्वाजला अटक केली. खटल्याचा निकाल लागण्याआधीच २०२२ मध्ये तो वारला. हिशेब जाहीर करणारी कंपनी आणि अशी योजना, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिलीत जोखीम आहे, पण पेटी उघडून पाहता येते. दुसरीत पेटीच दाखवत नाहीत.

पैसा एकत्र करण्याची दुसरी रीतही आमच्याच शेजारी, गावदेवीत रुजली. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी डिसेंबर १९०६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. तिची पुढे बँक झाली. ओळखीच्या माणसांनी थोडं थोडं जमवायचं आणि अडल्यानडल्याला कर्ज द्यायचं, एवढीच कल्पना. तुमचा बचत गट त्याच वाटेवरचा आहे. गटाची पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे, आणि दर बैठकीला सगळ्यांसमोर मोजणी. पेटीत ५,००० असतील तर गटाचे ५,०००. त्याचे कोणी १०,००० म्हणत नाही.

तेव्हा कोणी शेअरची, नाण्याची, साठ्याची गोष्ट घेऊन आलं तर चार प्रश्न विचारा. पहिला, पेटीत काय आहे आणि त्याची आजची किंमत किती? दुसरा, तुम्ही मागता ती किंमत त्याहून जास्त का? तिसरा, कंपनीवर कर्ज किती आणि ते कधी फेडायचं आहे? चौथा, मला पैसे परत हवे असतील तर ते कोण देईल आणि किती दिवसांत? दुसऱ्या प्रश्नाला ‘भाव वाढणारच आहे’ एवढंच उत्तर आलं, तर १८६५ च्या मुंबईतही हेच उत्तर मिळत होतं, हे लक्षात ठेवा.

आणि एक ठराव गटाच्या वहीत लिहूनच ठेवा. गटाची बचत, बियाण्याचे पैसे, मुलांच्या फीचे पैसे यांतला एक रुपयाही असल्या व्यवहारात जाणार नाही. कोणा बाईला स्वतःच्या जादा कमाईतून जोखीम घ्यायचीच असेल तर ती तिची मर्जी, पण सगळे गेले तरी घर चालेल एवढेच घालावेत. पुढच्या बैठकीत मघाचा दहा शेअरचा हिशेब पाटीवर मांडा. ज्या बायकांना अक्षरओळख नाही त्यांना खडे मांडून दाखवा, दहा खडे आणि मग पंधरा. त्यांना तो आमच्याआधी कळेल.