धूर, वाफ आणि कायदा

इ. स. १६०४-०५ च्या सुमारास असदबेग नांवाचा मोंगल अधिकारी विजापुराहून अकबराच्या दरबारीं परतला. त्यानें आणलेल्या नजराण्यांत तंबाखू होती आणि ती ओढण्यासाठीं रत्नजडित नळीही होती. बादशहानें कुतूहलानें एकदोन झुरके घेतले, तोंच दरबारच्या हकिमानें हरकत घेतली. आमच्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाहीं आणि जिचे गुणदोष आम्हीं पारखलेले नाहींत, ती वस्तु बादशहांनीं कां सेवन करावी, असा त्याचा आक्षेप होता. यावर असदबेगाचें उत्तर असें कीं, जगांतील प्रत्येक रीत केव्हां तरी नवीच होती. हा वाद असदबेगानें स्वतःच्या वृत्तान्तांत नमूद करून ठेविला आहे. त्यानंतर चार शतकें लोटलीं. परंतु ई-सिगारेट या नव्या वस्तूविषयीं निरनिराळ्या देशांत जो वाद चालला आहे, त्याचें मूळ स्वरूप याहून फारसें निराळें नाहीं.

आधीं जुन्या तंबाखूचे कायदे थोडक्यांत पाहूं. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें १६०४ मध्यें तंबाखूची निंदा करणारी पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षीं पौंडामागें दोन पेन्स असलेली जकात सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. तुर्कस्तानचा सुलतान चवथा मुराद यानें १६३३ मध्यें धूम्रपानाला देहान्ताची शिक्षा ठरविली. खुद्द अकबराचा पुत्र जहांगीर यानें १६१७ मध्यें तंबाखूला मनाई केली. त्याच्या आत्मचरित्रांत याच प्रसंगीं एक मौजेची हकीकत आली आहे. इराणच्या शहा अब्बासानेंही तंबाखूस बंदी केली होती; परंतु जहांगिराचा वकील खानआलम तिच्यावांचून क्षणभर राहूं शकत नाहीं, असें कळतांच शहानें त्याला सूट दिली! कालांतरानें हे मनाईहुकूम विरून गेले. टिकली ती जकात. राज्यकर्त्यांच्या खजिन्याला तंबाखूच्या उत्पन्नाची संवय लागली, आणि ही संवय प्रजेच्या व्यसनाहून कमी चिवट नव्हती.

आतां नव्या वस्तूकडे वळूं. होन लिक हा चिनी औषधतज्ज्ञ स्वतः सिगारेटच्या आहारीं गेलेला होता. त्यांतून सुटण्याच्या खटपटींत त्यानें २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचें उपकरण सिद्ध केलें. यांत तंबाखू जळत नाहीं. बॅटरीच्या उष्णतेनें निकोटीनमिश्रित द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. ज्वलन नसल्यामुळें धुरांतील डांबर व कार्बन मोनॉक्साइड हीं विषें टळतात, हें खरें. परंतु जडण्याचा गुण ज्यांत आहे तें निकोटीन कायम राहतें. मग या वस्तूला म्हणावें काय? औषध, तंबाखू, कीं विष? कायद्याला प्रथम नांव ठरवावें लागतें, आणि ज्या देशानें जें नांव दिलें त्यावर पुढचे सर्व नियम अवलंबून राहिले.

अमेरिकेंतील प्रकरण या दृष्टीनें बोधप्रद आहे. तेथील अन्न व औषध प्रशासनानें आरंभीं हा माल मंजुरी नसलेलें औषध समजून बंदरांत अडविला. व्यापारी न्यायालयांत गेले. डिसेंबर २०१० मध्यें निर्णय झाला कीं, रोग बरा करण्याचा दावा केलेला नसेल तर ही वस्तु तंबाखूच्या कायद्याखालीं येते. त्याप्रमाणें प्रत्यक्ष नियम लागू होण्यास २०१६ साल उजाडलें; तोंवर हें व्यसन शाळांच्या आवारांत शिरलें होतें. जपाननें निकोटीनयुक्त द्रवाला औषधांच्या कायद्यांत घातलें, म्हणून तो तेथें दुकानांतून मिळेनासा झाला. उलट तंबाखू न जाळतां तापविणारें उपकरण तंबाखूच्या कायद्यांत बसलें आणि त्याचा मोठा प्रसार झाला. ऑस्ट्रेलियानें ऑक्टोबर २०२१ पासून वैद्याची चिठ्ठी आवश्यक केली आणि जुलै २०२४ पासून सर्व विक्री औषधांच्या दुकानांपुरती ठेविली.

युरोपीय संघानें मध्यम मार्ग धरला. त्याच्या २०१४ च्या निर्देशानें एक मिलिलिटर द्रवांत २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन असूं नये, अशी मर्यादा घातली. ब्रिटन याच्याही पुढें गेला. धूम्रपानापेक्षां हा प्रकार सुमारें ९५ टक्के कमी अपायकारक आहे, असा अंदाज तेथील आरोग्यसंस्थेनें २०१५ मध्यें प्रसिद्ध केला. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. २०२३ मध्यें दहा लक्ष धूम्रपान करणारांना अशीं उपकरणें देण्याची योजना सरकारनें जाहीर केली. पण त्याच सरकारपुढें मुलांचा प्रश्न उभा राहिला, आणि जून २०२५ पासून एकदां वापरून फेंकण्याच्या उपकरणांची विक्री बंद झाली.

दुसऱ्या टोंकाला सरसकट बंदी आहे. ब्राझिलनें २००९ मध्यें विक्री व आयात यांना मनाई केली आणि २०२४ मध्यें ती कायम केली. सिंगापुरांत फेब्रुवारी २०१८ पासून हें उपकरण नुसतें जवळ बाळगणें हाही गुन्हा झाला. हिंदुस्थानांत सप्टेंबर २०१९ मध्यें वटहुकूम निघाला व डिसेंबरांत कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री व जाहिरात या सर्वांना बंदी असून पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मात्र विडी आणि सिगारेट दुकानांत उघड विकल्या जातात. नव्या व्यसनाला दारांतच अडवावें, हा कायद्याचा हेतु सरळ आहे. परंतु चोरट्या विक्रीमुळें २०२३ मध्यें केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला अंमलबजावणीविषयीं पुन्हां ताकीद द्यावी लागली.

श्रोतेहो, या विविधतेंत सूत्र नाहीं असें नाहीं. प्रत्येक कायदेमंडळापुढें दोन माणसें उभीं असतात. एक, तीस वर्षें सिगारेट ओढून छाती पोखरलेला आणि तींतून सुटूं पाहणारा प्रौढ. दुसरा, आजवर तंबाखूला न शिवलेला, पण फळांच्या वासाला भुलणारा पंधरा वर्षांचा मुलगा. ब्रिटननें प्रथम पहिल्याकडे पाहिलें, हिंदुस्थाननें दुसऱ्याकडे. दोघांचेंही हित खरें आहे. आणि एकाला दिलेला आधार दुसऱ्याला मोह होऊं शकतो, हीच या प्रश्नांतील खरी अडचण आहे. म्हणून कोणत्याही कायद्याची परीक्षा त्याच्या कडकपणावरून अगर उदारपणावरून न करतां, त्यानें या दोघांपैकीं कोणाला वाऱ्यावर सोडलें, हें पाहून करणें अधिक न्याय्य होईल.