घरच्या रजईत काय भरावे? कापूस, फायबर, सावरी की जुन्या साड्या

नोव्हेंबर लागला की माळ्यावरच्या रजया खाली उतरतात. कुणी रजई म्हणतं, कुणी दुलई, कुणी लिहाफ. नाव काहीही असो, ऊब वरचं कापड देत नाही. आतल्या तंतूंमध्ये अडकलेली हवा ऊब देते. आतला कापूस दबला, त्याच्या गुठळ्या झाल्या की वजन तेवढंच राहतं आणि थंडी मात्र वाजते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घाईघाईत एक तयार रजई घेतली. पंधरवड्यात ती एका बाजूला गोळा झाली. शिवण उसवून पाहिलं तर आत रंगीत चिंध्यांचा भुगा! अम्मींना दम्याचा त्रास आहे, त्यांचा खोकला वाढला तो वेगळाच. म्हणून ही माहिती.

कापूस (रुई)
पिंजलेला कापूस घाम शोषतो, अंगाला चिकटत नाही. एका माणसाच्या रजईला साधारण दोन किलो लागतो, कडाक्याच्या थंडीसाठी अडीच ते तीन किलो. पिंजारी, मन्सुरी, नद्दाफ कुटुंबांचा हा पिढीजात धंदा. पिंजणाच्या तातीचा आवाज आता गल्लीत क्वचितच येतो, बहुतेक काम मशीनवर होतं. कापसाचा मोठा फायदा म्हणजे काही वर्षांनी तोच कापूस पुन्हा पिंजून, त्यात थोडा नवा घालून रजई भरता येते. पण ती धुता येत नाही, आणि कोकणातल्या दमट हवेत लवकर ओल धरते. टाके चार-चार बोटांवर घाला, नाहीतर कापूस सरकतो.

फायबर (पॉलिएस्टर)
हलकं, धुता येतं, लवकर वाळतं. पण कापूस हवेतला सुमारे 8 टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे काहींना त्यात घामट वाटतं. याची शीट जीएसएमवर मिळते, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. साध्या थंडीला 100 ते 150, जास्त थंडीला 200 ते 300 जीएसएम घ्या. 60 बाय 90 इंचांच्या रजईला 200 जीएसएमची शीट भरली तर आतलं वजन जेमतेम 700 ग्रॅम होतं. वयस्कर माणसांना जड रजई सोसत नसेल तर हे बरं.

सावरीचा कापूस
रेशमासारखा मऊ, पण तंतू गुळगुळीत. एकमेकांना धरून राहत नाहीत, रजईत कोपऱ्यात जमा होतात. तो उशीसाठीच ठेवा.

जुन्या साड्या, ओढण्या, लुंग्या
हीच आपली गोधडी. सुती कपड्यांचे चार ते सहा थर, वर जवळजवळ धावदोरा. खर्च दोऱ्याचा, आणि सहज धुता येते. नायलॉन, जॉर्जेटचे थर आत सरकतात, ते टाळा.

भेसळ कशी ओळखावी?
चिमूटभर कापूस काढून चिमट्यात धरा आणि अंगणात, मुलांपासून दूर जाळून पाहा. खरा कापूस कागदासारखा जळतो, वास जळक्या कागदाचा, राख मऊ. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं, थंड झाल्यावर कडक मणी उरतो. कापसात सरकीचे तुकडे, रंगीत धागे दिसले तर माल परत करा. शक्यतो वजन आणि भरणं दोन्ही डोळ्यांसमोर करून घ्या.

कुणासाठी काय?
घरात दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर जुना, धूळ धरलेला कापूस नको. फायबरची रजई किंवा गोधडी घ्या, कापड सोसत असेल तर 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. धुळीतले बारीक किडे त्याने मरतात. एक वर्षाच्या आतल्या बाळावर मात्र झोपेत कोणतीच रजई घालू नका. तोंडावर आली तर बाळ ती बाजूला करू शकत नाही. कपड्यांचा एक थर वाढवा.

रजईला सुती खोळ घाला, म्हणजे फक्त खोळ धुतली की झालं. आठवड्यातून एकदा ऊन दाखवा आणि हिवाळा संपल्यावर पूर्ण सुकवूनच माळ्यावर ठेवा. आणि शेगडीजवळ कोणतीही रजई नेऊ नका. कापूस भडकतो, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.