‘तुमच्यावर सोपवलं’ : कच्च्या माशाच्या ताटामागचा इतिहास

गेल्या महिन्यात एक काका तपासणीला आले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं आहे, तब्येत उत्तम. मुलगी आणि जावई टोकियोत, निशी-कासाई भागात राहतात. तिथे आपली बरीच भारतीय मंडळी आहेत. काका पहिल्यांदाच जाणार होते आणि जावयाने गल्लीतल्या छोट्या सुशीच्या दुकानात ‘ओमाकासे’ जेवण ठरवलं होतं. काकांचा प्रश्न साधा होता, “डॉक्टर, एकदाच खाल्लं तर चालेल ना?”

मी त्यांना उत्तर दिलं, ते पुढे सांगतोच. पण हा प्रश्न हल्ली मुंबई-पुण्यातले पेशंटही विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘ओमाकासे’ म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. आठ-दहा माणसं बसतील एवढा लाकडी ओटा, पलीकडे सुशी करणारा. आपण काही मागवायचं नाही. त्या दिवशी बाजारात जे चांगलं मिळालं, ते तो एकेक घास करून समोर ठेवतो. आपल्याला जे हवं ते नाव घेऊन मागवण्याला ‘ओकोनोमी’ म्हणतात. दोन्हींत फरक विश्वासाचा आहे. आणि डॉक्टर म्हणून मला त्यातच रस आहे, कारण कच्चा मासा सुरक्षित आहे की नाही हे खाणाऱ्याला डोळ्यांनी, वासाने किंवा चवीने पूर्णपणे कधीच कळत नाही.

तुम्हाला वाटेल जपानी लोक हजारो वर्षं असाच ताजा कच्चा मासा भातावर ठेवून खात आले असतील. तसं नाही. सुशीचा जुना प्रकार म्हणजे आंबवलेला मासा. क्योतोजवळच्या बिवा सरोवराकाठी ‘फुनाझुशी’ आजही करतात. मासा आधी मिठात मुरवायचा, मग शिजलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त ठेवायचा. भात आंबतो, लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि त्या आंबटपणात मासा टिकतो. भात टाकून द्यायचा, मासा खायचा. आपण कैरी मिठात मुरवतो किंवा बांगडा खारवतो, त्याच जातीची ही युक्ती. ती दर वेळी यशस्वी होतेच असं नाही. 1951 मध्ये होक्काइदो बेटावरच्या इवानाई गावात हेरिंग माशाच्या घरगुती ‘इझुशी’मुळे बोट्युलिझम झाला आणि माणसं दगावली. जपानमधली या विषबाधेची ती पहिली नोंद.

पुढे लोकांना वर्षभर थांबायचा कंटाळा आला, आणि भातात थेट व्हिनेगर घालायला सुरुवात झाली. एदो, म्हणजे आजचं टोकियो, तेव्हा दहा लाखांच्या आसपास वस्तीचं गजबजलेलं शहर होतं. 1820 च्या दशकात तिथे हाताने दाबलेली ‘निगिरी’ सुशी रूढ झाली. श्रेय बहुधा हानाया योहेई (1799–1858) या विक्रेत्याला दिलं जातं. हे गाडीवरचं खाणं होतं, वडापावसारखं उभ्याउभ्या खायचं. घासही आजच्यापेक्षा बराच मोठा असे.

या सुशीला ‘एदोमाए’ म्हणतात, म्हणजे एदोसमोरच्या खाडीतली. बर्फ नाही, फ्रिज नाही, दमट उन्हाळा. मग मासा टिकवायचा कसा? कोहादा नावाचा छोटा चंदेरी मासा आधी मिठात, मग व्हिनेगरमध्ये ठेवत. कुपा (ट्यूना) सोया सॉसमध्ये मुरवत. वाम आणि शिंपल्या शिजवत, कोळंबी उकडत. कुप्याचा पोटाकडचा चरबीदार भाग लवकर बिघडतो म्हणून त्याला मान नव्हता, पुष्कळदा तो फेकूनच देत. आज सगळ्यात महाग विकला जातो तो हाच भाग! एदोच्या ताटात खरोखर कच्चं असं फार थोडं असे. प्रत्येक माशावर आधी काहीतरी प्रक्रिया झालेली असे. तिला सुशीवाले ‘शिगोतो’, म्हणजे ‘काम’ म्हणतात.

ताट खऱ्या अर्थाने कच्चं झालं ते थंडीमुळे. आधी बर्फ, मग विजेचे फ्रिज, मग कुप्यासाठी उणे 60 अंशांची गोदामं. ऑगस्ट 1972 मध्ये कॅनडाहून विमानाने आणलेला कुपा टोकियोच्या बाजारात विकला गेला. खाडीतला मासा खाणारं शहर आता जगभरातला मासा खाऊ लागलं.

आता जंताकडे येऊ. नेदरलँड्समध्ये लोक हलकं मीठ लावलेला हेरिंग कच्चाच खात. 1950 च्या दशकात तिथे काही पेशंट पोटाच्या भयंकर कळांनी येऊ लागले. ऑपरेशन केलं की आतड्याचा एक भाग सुजलेला, आणि भिंतीत रुतलेली एक बारीक अळी. 1960 मध्ये व्हॅन थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अळी माशातून आली असल्याचं दाखवलं. तिचं नाव अनिसाकिस. तिचं खरं घर देवमाशांच्या आणि सीलच्या पोटात. माणसाच्या पोटात ती चुकून येते, फार दिवस जगत नाही, पण जठराच्या भिंतीत तोंड खुपसते. 1968 मध्ये नेदरलँड्सने हेरिंग आधी गोठवण्याची सक्ती केली आणि तिथला आजार जवळजवळ नाहीसा झाला.

जपानमध्येही मग असे पेशंट ओळखू येऊ लागले. पोटाच्या कॅन्सरसाठी तिथे दुर्बिणीची तपासणी फार पुढे गेली होती, तिचा इथे उपयोग झाला. दुर्बीण घालायची, अळी दिसली की चिमट्याने ओढून काढायची. कळ बहुतेक वेळा लगेच थांबते. आधी अशा काही पेशंटांचं पोट अपेंडिक्स किंवा गाठ समजून उघडलं जाई. आजही जपानमध्ये नोंद होणाऱ्या अन्नविषबाधेच्या घटनांत अनिसाकिस अलीकडच्या बऱ्याच वर्षांत सर्वांत वर असतो.

इथे एक गैरसमज काढून टाका. व्हिनेगर, मीठ, सोया सॉस किंवा वासाबी, जेवणात वापरतो तेवढ्या प्रमाणात, या अळीला मारत नाहीत. व्हिनेगर लावलेल्या बांगड्यातून हा आजार होतो. अळी मरते ती नीट शिजवल्याने किंवा नीट गोठवल्याने. अमेरिकेतला नियम उणे 20 अंशांवर 7 दिवसांचा आहे. घरच्या फ्रीझरचं दार दिवसातून वीस वेळा उघडतं, त्यावर भरवसा ठेवू नका. होक्काइदोतले आइनू लोक सामन मासा हिवाळ्यात उघड्यावर गोठवून तसाच खात, त्याला ‘रुइबे’ म्हणतात. जंताचं नाव माहीत नसताना त्यांच्या हाती उपाय लागला होता! बाकी जपानात मात्र सामन कच्चा खात नसत. नॉर्वेने 1980 च्या दशकात मत्स्यशेतीतला, कोरडं खाद्य खाऊन वाढलेला सामन विकायला आणला, तेव्हा जपानी व्यापाऱ्यांना पटवायला अनेक वर्षं लागली.

आपल्याकडच्या लोकांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. बांगडा, कुपा यांसारखे मासे पकडल्यावर बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात. ते शिजवूनही जात नाही. म्हणजे कालवण केलं तरी प्रश्न बर्फाचाच.

आणि विश्वासाची उलटी बाजू. जानेवारी 1975 मध्ये काबुकीचे थोर नट बांदो मित्सुगोरो आठवे क्योतोत फुगू माशाचं यकृत खाऊन वारले. एक नाही, चार वाट्या खाल्ल्या होत्या. फुगूचं विष शिजवून जात नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडतात. मोठं गिऱ्हाईक, मागितलं आणि करणाऱ्याने दिलं. शिक्षा करणाऱ्यालाच झाली. 1983 मध्ये सरकारने हे यकृत देण्यावर देशभर बंदी घातली. मला हा प्रसंग नेहमी आठवतो, कारण आमच्याकडेही असे पेशंट येतात. “मला काही होत नाही, तुम्ही द्या हो ते इंजेक्शन.”

आता काकांचं उत्तर. मी नको म्हटलं. गोठवल्याने जंत मरतात, जंतू मरत नाहीत. लिस्टेरियासारखा जंतू तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना, केमोथेरपी चालू असताना आणि गरोदरपणात कच्चा मासा टाळायचा, कितीही चांगल्या हातचा असला तरी. लिव्हर सिऱ्होसिस असेल तर कच्च्या कालवांतला व्हिब्रिओ जिवावर बेतू शकतो. (ब्लड प्रेशरवाल्यांनी सोया सॉसकडेही बघा, एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं.)

काका हिरमुसले. मी म्हटलं, जेवण रद्द करू नका, लेकीला आधी दुकानात फोन करायला सांगा. ऐन वेळी ओट्यावर बसून सांगू नका. काय चालत नाही ते स्पष्ट सांगा आणि सुरी-पाट वेगळा घ्यायची विनंती करा.

परवा त्यांचा फोटो आला. उकडलेली कोळंबी, शिजवलेली वाम, अंड्याची जाड गोडसर पोळी, काकडीचा रोल. दुकानाच्या मालकाने फोनवर दोन-तीन प्रश्न विचारून सगळं लिहून घेतलं होतं म्हणे. जावयाच्या ताटात मात्र व्हिनेगर लावलेला बांगडा होता. तो आधी गोठवला होता का, हे काकांनीच विचारलं.