तळातले पाणी उपसले तेव्हा: सेवोलचा घटनाक्रम

बुडण्याच्या अठरा महिने आधी: ऑक्टोबर २०१२

'फेरी नामिनोउए' ही प्रवासी नौका १९९४ साली जपानमध्ये बांधली गेली. कागोशिमा ते ओकिनावा मार्गावर अठरा वर्षे धावल्यावर दक्षिण कोरियाच्या चोंगहेजिन मरीन कंपनीने ती विकत घेतली आणि नाव ठेवले 'सेवोल'. कोरियात प्रवासी जहाज पूर्वी वीस वर्षांपर्यंतच चालवता येत असे. २००९ मध्ये सरकारने ती मर्यादा तीस वर्षांवर नेली होती, म्हणून हा सौदा कंपनीला परवडला.

कंपनीने जहाजाच्या मागच्या भागात, वरच्या मजल्यांवर, नव्या खोल्या बांधल्या. शंभरावर प्रवाशांची सोय वाढली आणि जहाजाचा गुरुत्वमध्य ५१ सेंटीमीटर वर चढला.

जहाज एका बाजूला कलले की त्या बाजूचे अधिक पाणी त्याला वर ढकलते. जहाजाचे वजन मात्र गुरुत्वमध्यातून खाली ओढते. या दोन जोरांमधल्या अंतरामुळे जहाज पुन्हा सरळ होते. गुरुत्वमध्य जितका वर, तितके हे अंतर कमी, आणि जहाज तितके आळशीपणाने उभे राहते. एका मर्यादेपलीकडे ते उभे राहतच नाही. उघड्या ट्रकवर राहण्याची खोली बसवणारे लोकही हेच गणित मांडतात. पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या ते चाकांच्या मध्ये, शक्य तितक्या खाली ठेवतात आणि छपराजवळच्या कप्प्यांत फक्त अंथरूण-पांघरूण भरतात. एखाद्याने वर लोखंडी पेटी चढवली आणि पुढे वजनकाट्यावर दंड नको म्हणून खालची टाकी रिकामी केली, तर काटा खूश होईल. पहिल्या जोराच्या वळणावर ती गाडी काय करेल, ते काट्याला कळणार नाही.

कोरियन रजिस्टर या वर्गीकरण संस्थेने सेवोलच्या फेरबदलांना परवानगी दिली, पण अट घातली. माल जास्तीत जास्त ९८७ टन. पूर्वी हीच मर्यादा २,४३७ टन होती. शिवाय तळाच्या टाक्यांत बॅलास्टचे, म्हणजे तोल सांभाळण्याचे, पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त, दीड हजार टनांहून अधिक भरायचे. खोल्या वर चढल्या, तर भार खाली उतरला पाहिजे, एवढाच त्या अटीचा अर्थ. पण माल वाहून पैसे मिळतात आणि पाणी वाहून मिळत नाहीत.

१५ एप्रिल २०१४, दुपार: इंचॉन बंदर

माल चढत होता. मोटारी, मालट्रक, कंटेनर, बांधकामाचे सामान आणि जेजू बेटाकडे जाणाऱ्या शेकडो टन लोखंडी सळ्या. सगळा मिळून दोन हजार टनांहून जास्त, म्हणजे परवानगीच्या दुपटीपेक्षा अधिक.

इतका माल भरला की जहाज पाण्यात खोल बसते आणि बाहेरून रंगवलेली भाररेषा बुडते. तपासनीस तीच रेषा पाहतो. ती वर दिसत राहावी म्हणून जहाजातून काहीतरी काढावे लागणार होते. काढले गेले ते बॅलास्टचे पाणी. आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी पाणी तळात उरले. एकूण वजन रेषेच्या हिशेबात बसले, पण ते सगळे वर गेले होते आणि खाली त्याला तोलून धरणारे फारसे काही नव्हते. हे करणाऱ्याला जहाजाची पुरती समज असावी लागते. म्हणूनच याला हलगर्जी म्हणून सोडून देणे मला मान्य नाही.

निघण्यापूर्वीच्या अहवालात १५० वाहने आणि ६५७ टन माल एवढीच नोंद होती. प्रत्यक्षात वाहनेच १८० च्या पुढे होती. ही तपासणी ज्या संघटनेकडे होती, ती जहाज कंपन्यांनीच स्थापन केलेली होती. वाहने आणि कंटेनर नियमाप्रमाणे साखळ्यांनी, खुंट्यांनी जखडायचे असतात. बरेच कंटेनर नुसत्या दोरांनी बांधले होते.

संध्याकाळी ६:३०

सुटण्याची वेळ, पण दाट धुके. आन्सान शहरातल्या दानवोन हायस्कूलची ३२५ मुले शालेय सहलीसाठी आली होती. धुके विरेपर्यंत ती थांबून राहिली.

रात्री ९:००

सुमारे अडीच तास उशिराने सेवोल निघाले. जहाजावर ४७६ माणसे. नेहमीचे कप्तान रजेवर, त्यांच्या जागी ६९ वर्षांचे बदली कप्तान. रात्री डेकवर आतषबाजी झाली, मुले पाहायला बाहेर आली.

रात्रभर इंजिन चालले तसे तळच्या टाक्यांतले इंधन खर्च होत गेले आणि पिण्या-वापरण्याचे पाणीही. दोन्ही वजने खालची. पहाटेपर्यंत जहाज निघाले तेव्हापेक्षाही अधिक डोकेजड झाले होते. समुद्र शांत होता, म्हणून कोणाला काही जाणवले नाही.

१६ एप्रिल, सकाळी ७:३०च्या सुमारास

पहारा बदलला. तिसऱ्या अधिकारी, पंचविशीतली तरुणी, सुकाणूकक्षात आल्या. पुढे मेंगगोल सामुद्रधुनी होती. तिथला प्रवाह जोरदार असतो आणि या सामुद्रधुनीतून जहाज नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. कप्तान आपल्या खोलीत होते.

८:४९

जहाज उजवीकडे वेगाने वळले आणि डावीकडे कलले. सुकाणूला दिलेली आज्ञा चुकली, की सुकाणूच्या यंत्रातली झडप अडकली, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. जहाजे चुकीची वळणे घेतात, यंत्रेही अडकतात. भार नीट बसवलेले जहाज अशा वेळी कलते, क्षणभर घाबरवते आणि सावरते. सेवोलकडे सावरायला बळ उरले नव्हते.

मग दोर तुटले. कंटेनर आणि मोटारी डावीकडे घसरल्या. घसरलेला माल जहाजाला आणखी झुकवतो आणि जहाज झुकले की उरलेला माल घसरतो. नंतर जहाजातून काढलेल्या मोटारींच्या डॅशकॅमेऱ्यांत हे सगळे नोंदलेले सापडले. डावी बाजू पाण्याला टेकली आणि पाणी आत शिरू लागले. खालच्या मजल्यावरची जलरोधक दारे आणि मॅनहोल बंद असायला हवी होती. ती उघडी होती.

८:५२

मदतीसाठी पहिला फोन जहाजाच्या अधिकाऱ्यांनी केला नाही. तो एका विद्यार्थ्याने ११९ या आपत्कालीन क्रमांकावर केला. फोन तटरक्षक दलाला जोडून दिला गेला, तेव्हा त्या मुलाला अक्षांश-रेखांश विचारण्यात आले. तो मुलगा वाचला नाही.

८:५५

जहाजाने जेजूच्या सागरी वाहतूक केंद्राला कळवले. जवळचे केंद्र जिंदो बेटाचे होते; त्याच्याशी बोलणे सुरू होईपर्यंत नऊ वाजून गेले. इकडे ध्वनिक्षेपकावर सूचना पुन्हा पुन्हा येत होती: आहात तिथेच थांबा. मुलांनी ऐकले. मोठ्यांचे ऐकायचे असते, हेच त्यांना शिकवलेले होते.

९:२५च्या सुमारास

प्रवाशांना बाहेर काढायचे का, हा प्रश्न जहाज आणि जिंदो केंद्र यांच्यात घोळत राहिला. कप्तानाने ठरवावे, असे केंद्राने सांगितले. कप्तानाने ठरवले नाही.

९:३५

तटरक्षक दलाची १२३ क्रमांकाची नौका पोहोचली. हेलिकॉप्टर थोडे आधी आले होते. आसपासच्या मासेमारी होड्याही धावून आल्या आणि त्यांनी अनेकांना ओढून घेतले.

९:४६

कप्तान आणि सुकाणूकक्षातले कर्मचारी नौकेवर उतरले. प्रवाशांना जहाज सोडायची सूचना दिली गेली नाही.

१०:१७

आतल्या एका विद्यार्थ्याचा शेवटचा संदेश.

१०:३०च्या सुमारास

सेवोल पूर्ण उलटले. पुढच्या टोकाचा थोडा भाग दोन दिवस पाण्यावर दिसत होता.

३०४ माणसे गेली. त्यांत २५० दानवोन हायस्कूलची मुले होती.

त्यानंतर

नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कप्तानाची जन्मठेप कायम केली. कंपनीच्या प्रमुखाला सात वर्षे मिळाली. मार्च २०१७ मध्ये जहाज वर काढून मोकपो बंदरात आणले. २०१८ मध्ये चौकशी समितीच्या सहा सदस्यांत कारणांवरून तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली, आणि पालकांना एकमताचे उत्तर मिळाले नाही. जहाज निघण्यापूर्वीची तपासणी मात्र जहाज कंपन्यांच्या संघटनेकडून काढून सरकारी संस्थेकडे देण्यात आली.