सर्व्हे नंबर, फॉरेन की आणि बंगळुरूची ‘भूमी’

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी एक छोटेसे वर्तुळ असे आणि त्या वर्तुळात एक आकडा. त्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नव्हता. तो घेऊन तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, उघडली की हे नाव या जमिनीवर कधी आणि कशाच्या आधारे चढले ते कळे. खाते क्रमांकाचेही तसेच. तो घेऊन आठ-अ कडे गेले की त्या माणसाची गावातील सगळी जमीन एका जागी दिसे. एका नोंदवहीतील ओळीने दुसऱ्या नोंदवहीतील ओळीकडे केवळ एका क्रमांकाने बोट दाखवायचे, ही युक्ती महसूल खात्याला संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. संगणकशास्त्रात तिला ‘फॉरेन की’ म्हणतात.

हे नाव रूढ झाले ते एडगर कॉड यांच्यामुळे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या गणितज्ञाचा रिलेशनल मॉडेलवरील निबंध जून १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक उदाहरण आजही वाचण्यासारखे आहे. कॉड एक कर्मचारी घेतात. त्याच्या पोटात त्याच्या नोकरीचा इतिहास, त्या इतिहासाच्या पोटात पगाराचा इतिहास, आणि शेजारी त्याची मुले. एकात एक बसवलेल्या डब्यांसारखी ही रचना ते मोडतात आणि तिचे चार सपाट तक्ते करतात. मोडताना कर्मचाऱ्याचा क्रमांक प्रत्येक तक्त्यात खाली उतरवतात, म्हणजे तुटलेले धागे हवे तेव्हा पुन्हा जोडता येतात. पुढील अर्ध्या शतकात प्रोग्रामर मंडळींनी ज्या कामावर अगणित तास खर्च केले ते नेमके याच्या उलट होते: सपाट तक्त्यांतून तो मूळ डबा पुन्हा उभा करणे.

कारण त्याच सुमारास प्रोग्रामिंगचा दुसरा प्रवाह भलत्याच दिशेने निघाला होता. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेने ऑब्जेक्टची कल्पना मांडली. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात ‘स्मॉलटॉक’ने ती फुलवली. ऑब्जेक्टच्या जगात शेतकऱ्याच्या हातात त्याच्या शेतांची यादी असते. तक्त्याच्या जगात शेतकऱ्याच्या ओळीत शेतांचा मागमूसही नसतो. प्रत्येक शेताच्या ओळीत मालकाचा क्रमांक असतो. नाते एकच, बोट दाखवण्याची दिशा मात्र उलटी. ही दिशा फिरवण्याचे काम करणाऱ्या साधनांना ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग म्हणतात. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये सुरू केलेले ‘हायबरनेट’ हे जावाच्या दुनियेतील त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. मोठ्या कंपन्यांसाठी जावात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या बंगळुरूच्या एका सबंध पिढीचा या प्रश्नाशी परिचय झाला तो प्रामुख्याने याच साधनातून.

आणि त्याचा फटकाही तिथेच बसला. जावाच्या प्रमाणित नियमानुसार नात्याची ‘मालकी’ ज्या बाजूला फॉरेन की असते त्या बाजूकडे जाते. प्रोग्रामरने शेतकऱ्याच्या यादीत नवे शेत घातले, पण शेताला त्याचा मालक सांगितला नाही, तर पडद्यावर सारे यथास्थित दिसते आणि डेटाबेसमध्ये मालकाचा रकाना रिकामा राहतो. चूक कोणतीही घंटा वाजवत नाही. दुसरा फटका वेगाचा. शंभर शेतकऱ्यांची यादी एका प्रश्नात मिळते. मग प्रत्येकाची शेते मागताना आणखी शंभर प्रश्न गुपचूप डेटाबेसकडे जातात. टेड न्यूअर्ड यांनी २००६ मध्ये या सगळ्या खटाटोपाला संगणकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले. उपमा थोडी भडक आहे, पण आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे कठीण, एवढे तरी तिने अचूक पकडले.

बंगळुरूत या प्रश्नाचे सर्वांत मोठे रूप मात्र एखाद्या कंपनीच्या इमारतीत दिसले नाही. ते कर्नाटकच्या महसूल खात्यात दिसले.

कर्नाटकात सातबाऱ्याच्या जागी ‘आरटीसी’ किंवा पहाणी असते. तिच्यातील सर्व्हे नंबरची पद्धत मराठी वाचकाला परकी नाही. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ज्या मोजणीचा पाया घातला, तीच मुंबई इलाख्याची पद्धत धारवाड-बेळगावकडे गेली आणि पुढे म्हैसूर संस्थानानेही स्वीकारली. प्रत्येक शेताला हद्दीचे दगड आणि एक क्रमांक. माणसे बदलतील, पिके बदलतील, क्रमांक बदलणार नाही. डेटाबेसच्या भाषेत ती ‘प्रायमरी की’च होती. कर्नाटकच्या मोजणी विभागाच्या संगणक प्रणालीचे नाव ‘मोजिणी’ आहे आणि सर्व्हे नंबरच्या पोटविभागणीला तिथे ‘पोडी’ म्हणतात, हे ऐकून पुण्याचा भूकरमापक बहुधा हसेल.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. त्यांत वर्धाही होता. अनेक ठिकाणी घोडे एकाच जागी अडले. संगणकात नोंदी भरल्या जात, पण हातची वहीही चालू राही आणि कायद्याने तीच खरी मानली जाई. एका वस्तुस्थितीच्या दोन प्रती ठेवल्या की त्यांतील एक खोटी पडणारच. कर्नाटकच्या ‘भूमी’ प्रकल्पाने ही दुसरी प्रतच बंद केली. राजीव चावला या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने सुमारे ६७ लाख जमीनधारकांच्या जवळपास दोन कोटी नोंदी संगणकात उतरल्या. त्याआधी त्या सुमारे ९,००० ग्राम लेखापालांच्या दप्तरांत होत्या. नव्या शतकाच्या आरंभी तालुक्याच्या कचेरीतील खिडकीवर १५ रुपयांत छापील पहाणी मिळू लागली, हस्तलिखित पहाणीची वैधता संपली, आणि फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढण्याचे बंधन संगणकानेच घातले. लेखापालाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यासाठी हा बदल लहान नव्हता.

तरी रकाने आखताना काहीतरी बाहेर राहतेच. शेत आणि शेतकरी यांचे नाते एकास अनेक असते तर एका क्रमांकावर भागले असते. प्रत्यक्षात एका शेताला पाच भाऊ-चुलते मालक, आणि त्यांतल्या प्रत्येकाची आणखी तीन शेतांत भागीदारी. अशा वेळी मधे तिसरा तक्ता लागतो. सामाईक क्षेत्रातली आणेवारी शेताची नसते आणि शेतकऱ्याचीही नसते. ती त्या दोघांमधल्या नात्याची असते. आता त्या पाच जणांनी बांध घालून शेत प्रत्यक्षात वाटून घेतले आहे, पण पोडी झालेली नाही, असे समजा. जमिनीवर पाच तुकडे आहेत, कागदावर एक. बोट दाखवायला पाच मालक आहेत, पण त्यांनी ज्याकडे बोट दाखवायचे त्या वस्तूला क्रमांकच नाही. बहुमालकीच्या अशा पहाण्या कर्नाटकात मोठ्या संख्येने आहेत. पुढे सर्व्हे नंबरचा काही भाग विकायचा तर आधी मोजणीचा नकाशा हवा, असा नियम आला तो याच दुखण्यावर.

सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ च्या आपल्या टीकात्मक अभ्यासात याहून खोल शंका उपस्थित केली. बंगळुरूच्या परिघावरील गावांत जमिनीवरचे हक्क नाना प्रकारचे आणि स्थानिक समजुतींत गुंतलेले होते. ते एका ठरावीक साच्यात बसवून मध्यवर्ती केल्यामुळे लहान शेतकऱ्यापेक्षा मोठ्या खरेदीदाराची सोय अधिक झाली, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रकल्पाच्या चाहत्यांना तो एकांगी वाटला, आणि खिडकीवरच्या १५ रुपयांचे मोल त्यात कमी लेखले गेले, हे म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या नात्याला तक्त्यात रकाना नाही ते नाते कचेरीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते, हा त्यांचा मुद्दा कोणताही अनुभवी डेटाबेस-रचनाकार नाकारणार नाही.

तांत्रिक बाजूला दरम्यान बराच मार्ग कापला गेला. बंगळुरूत मुळे असलेल्या ‘हसुरा’ या कंपनीने २०१८ मध्ये आपले ग्राफक्यूएल इंजिन मुक्तस्रोत केले. ते डेटाबेसमधील फॉरेन की वाचते आणि त्यांवरून दोन्ही दिशांची नाती स्वतः सुचवते: शेताकडून पाहिले तर एक मालक, मालकाकडून पाहिले तर शेतांची यादी. एकात एक गुंफलेली मागणी ते एकाच एसक्यूएल प्रश्नात बदलते, त्यामुळे त्या गुपचूप शंभर फेऱ्या वाचतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये या कंपनीचे मूल्य १०० कोटी डॉलर ठरले. कॉड यांनी मोडलेला डबा पुन्हा जुळवण्याला एवढी किंमत आली.

पण इंजिन नाते वाचते ते कुणीतरी लिहून ठेवलेले. कर्नाटकच्या महसूल खात्याने २०२४ मध्ये पहाण्यांना आधार क्रमांक जोडण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा असंख्य पहाण्या मृत व्यक्तींच्या नावावर असल्याचे आढळले. डेटाबेसच्या नियमांना त्यात काहीच वावगे दिसत नव्हते. क्रमांक होता, तो ज्या ओळीकडे बोट दाखवी ती ओळही जागेवर होती. वारसांच्या नावे होणाऱ्या फेरफाराला कर्नाटकात ‘पौती’ म्हणतात. त्यासाठी वंशावळ लागते, भावंडांच्या सह्या लागतात, आणि बंगळुरूला नोकरीला गेलेल्या धाकट्याला त्या कामासाठी एक दिवस रजा काढून गावी यावे लागते.