एआय स्वस्त झालंय, महाग आहे ते लोकांचं ऐकून घेणं

परवा तळवड्यात ॲप बनवणारा एक ओळखीचा पोरगा भेटला. मोशी-चिखलीच्या सोसायट्यांसाठी तक्रारीचं ॲप करतोय. म्हणाला, "दादा, सगळ्यांना ॲपमध्ये एआय पाहिजे. खर्चाचा आकडा सांगितला की गप्प!"

त्याला म्हटलं, कमी पैशात हुशारी हा आपल्या भागाचा जुनाच धंदा आहे. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकरांच्या टीमने छोट्या छोट्या चिप एकमेकींना जोडल्या आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार केला.

आता आपल्या पिंपरी-चिंचवडचं बघा. १५ ऑगस्ट २०१३. तत्कालीन आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या काळात महापालिकेची 'सारथी' हेल्पलाइन सुरू झाली. तेव्हा एआय वगैरे कुणाच्या तोंडी नव्हतं. पण खरं काम फोन लावायच्या आधीचं होतं. पाणी, मिळकतकर, जन्मदाखला, अशा एकेका खात्याचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं गोळा केली गेली. मग तीच माहिती पुस्तकात, वेबसाइटवर, मोबाइल ॲपमध्ये आणि फोनवरही. आज चॅटबॉट बनवताना पहिली गरज नेमकी याचीच लागते!

पुढे यंत्रही स्वस्त झालं. २०१८ मध्ये गूगलचं 'एमएल किट' आलं. फोटोतला मजकूर ओळखण्यासारखी कामं फोनमध्येच व्हायला लागली, सर्व्हरचं बिल नाही. २०२२ मध्ये पुण्याच्या एल-थ्री-क्यूबने 'महाबर्ट' हे मराठीचं मॉडेल खुलं केलं. फुकट डाउनलोड करा, नमुने देऊन शिकवा, की तक्रार पाण्याची की ड्रेनेजची हे ते वेगळं करतं. त्याला साधा संगणकही पुरतो.

मग पैसे जातात कुठे? विकतचं मोठं मॉडेल मजकुराच्या तुकड्यांवर बिल लावतं. बहुतेक मॉडेलांत देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. म्हणजे तोच प्रश्न मराठीत विचारला तर महाग! म्हणून नेहमीचे प्रश्न साठवलेल्या उत्तरांतून सोडवायचे, वर्गवारी फुकटच्या मॉडेलने करायची आणि उरलेलं अवघड तेवढंच विकतच्याकडे पाठवायचं.

पण एक गोष्ट फुकट मिळत नाही. महाबर्ट बरंचसं बातम्यांच्या मराठीवर शिकलंय. आपल्याकडे मराठवाडा, खानदेश, विदर्भातनं आलेली माणसं चाकणच्या शिफ्ट करतात. कुणी म्हणतं "नळ आले नाहीत", कुणी "पाणी सुटलंच नाही", कुणी नुसतं "टाकी कोरडी". हे ॲपला कळलं नाही तर तक्रार भलत्याच खात्यात जाते, आणि ज्याला ऑफिसची भाषा येते त्याचंच काम आधी होतं. सारथीच्या फोनवर निदान समोर माणूस होता, "म्हणजे काय हो?" असं विचारणारा.

म्हणून त्या पोराला सांगितलं, आधी दोनशे तक्रारी वहीत उतरव, लोक बोलतात तशाच, नाव-नंबर गाळून. एआय नंतर. महापालिकेनेही एआयच्या नावाने निविदा काढण्याआधी सारथीकडे इतक्या वर्षांत आलेले प्रश्न असेच नाव-नंबर काढून खुले करावेत. ही पुंजी आपल्याच पैशातून जमलीय.

तोवर तुम्ही सांगा, सकाळी नळ कोरडा असला तर तुमच्या घरात नेमकं काय म्हणतात? तेच वाक्य खाली लिहा. शुद्धलेखन बघू नका.